आकाशातील संदेशवहन आणि त्याचा भरवसा

आकाशात उडणारे विमान जमिनीशी एकाच धाग्याने जोडलेले असते. हा धागा रेडिओलहरींचा होय. उड्डाणाची परवानगी, उंचीत करावयाचा बदल, पुढील वादळाची सूचना, जवळून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाचा ठावठिकाणा या सर्व गोष्टी याच धाग्यावरून वैमानिकापर्यंत पोचतात. वैमानिक विमानातच बसलेला असेपर्यंत हा धागा थोडा वेळ तुटला तरी विमान कोसळत नाही. आपले ज्ञान व समोरची उपकरणे यांच्या आधारे तो पुढे जाऊ शकतो. परंतु ज्या विमानात वैमानिकच नाही, ज्याला सामान्यतः ड्रोन म्हटले जाते, त्याच्या बाबतीत हाच धागा लगामाचे काम करतो. प्रवासी विमाने, शहरांवरून अल्प अंतर जाणारी विजेवरील छोटी विमाने आणि औषधे वा माल वाहून नेणारी ड्रोन यांना पुढील काळात एकच आकाश वाटून घ्यावे लागणार आहे. अशा वेळी या धाग्यावर किती भरवसा ठेवता आला पाहिजे, आणि तो भरवसा मोजावयाचा कसा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता राहत नाही. विमानात बसणाऱ्या आणि त्या आकाशाखाली राहणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो.

एक कंप्रता, दोन आवाज

वैमानिक व जमिनीवरील नियंत्रक यांचे नेहमीचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतांच्या लहरींवर चालते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे दहा-अकरा किलोमीटर उंचीवरील विमानाशी सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत बोलता येते. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. एका विभागातील सर्व विमाने एकाच कंप्रतेवर असतात. एकाचे बोलणे सर्वांना ऐकू येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. मात्र एका वेळी एकालाच बोलता येते, ही तिची मर्यादा. दोघे एकदम बोलले तर दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि ऐकणाऱ्याच्या कानी केवळ कर्कश शिट्टी पडते.

या मर्यादेची किंमत २७ मार्च १९७७ रोजी मोजावी लागली. कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथील लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुके होते आणि दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. त्यांपैकी डच विमानाने उड्डाणासाठी धाव घेण्यास प्रारंभ केला. नियंत्रकाने त्याला थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी अमेरिकी विमानाच्या वैमानिकानेही आपण अद्याप धावपट्टीवरच असल्याचे कळविले. दोन्ही संदेश महत्त्वाचे होते, परंतु एकाच वेळी निघाल्यामुळे ते एकमेकांत बुडाले. डच वैमानिकांना नियंत्रकाचा आरंभीचा ‘ओके’ एवढाच शब्द स्पष्टपणे ऐकू आला. पुढील काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

या अपघाताची कारणे अनेक होती. संदेशवहनाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. त्या दिवशी कोणतेही रेडिओयंत्र बिघडलेले नव्हते. संदेश हरवला, आणि तो हरवला आहे हे पाठविणाऱ्याला कळले नाही, हा खरा दोष होता. यानंतर संभाषणाचे नियम अधिक कडक झाले. प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीखेरीज अन्यत्र ‘टेक-ऑफ’ हा शब्द वापरू नये आणि महत्त्वाची सूचना वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवावी, या प्रथा दृढ झाल्या. सूचना परत म्हणून दाखविणे म्हणजे संदेशाची पोचपावतीच होय.

भरवशाची चार मापे

समुद्रावर परिस्थिती निराळी असते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर वरील लहरी पोचत नाहीत. तेथे अनेक दशके उच्च कंप्रतेच्या, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वापरल्या गेल्या. वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन त्या हजारो किलोमीटर जातात. परंतु दिवस व रात्र, ऋतू आणि सूर्यावरील घडामोडी यांनुसार आयनांबर बदलत असते. त्यामुळे आवाज खरखरतो, कधी मुळीच पोचत नाही. पुढच्या विमानाचा नक्की ठावठिकाणा ठाऊक नाही आणि त्याला तातडीने काही सांगताही येत नाही, अशा स्थितीत नियंत्रकापुढे एकच मार्ग उरतो : विमानांमध्ये भरपूर अंतर ठेवणे. म्हणूनच सागरी मार्गांवर एकाच उंचीवरील दोन विमानांत १० ते १५ मिनिटांचे, म्हणजे साधारणपणे १५० ते २२५ किलोमीटरचे अंतर ठेवले जात असे.

१९९५ मध्ये पॅसिफिक महासागरावरील बोइंग ७४७-४०० विमानांतून उपग्रहामार्फत लिखित संदेश पाठविण्याची पद्धत सुरू झाली. भारतातही अरबी समुद्रावरील विमानांसाठी मुंबईहून आणि बंगालच्या उपसागरावरील विमानांसाठी चेन्नई व कोलकाता येथून अशा संदेशांची देवाणघेवाण केली जाते. परंतु नवे साधन आले एवढ्यावरून अंतर कमी करता येत नाही. ते साधन किती खात्रीचे आहे हे अंकांत सांगता आले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने यासाठी चार मापे ठरविली आहेत.

पहिले माप वेळेचे. नियंत्रकाने सूचना देण्यापासून वैमानिकाचे उत्तर परत येईपर्यंत किती काळ लागावा, याची मर्यादा ते सांगते. दुसरे माप सातत्याचे : सुरू झालेली देवाणघेवाण त्या मर्यादेत पूर्ण होण्याची शक्यता किती. तिसरे उपलब्धतेचे : हवी असेल तेव्हा यंत्रणा चालू सापडण्याची शक्यता किती. चौथे अविकृततेचे : मजकूर वाटेत बदलला आणि तो बदल कोणाच्याही ध्यानात आला नाही, असे किती वेळा घडू शकेल.

सागरी मार्गांवरील एका प्रचलित मानकाचे नावच २४० आहे. त्यानुसार १०० पैकी ९५ संदेशांची देवाणघेवाण २१० सेकंदांत आणि १,००० पैकी ९९९ संदेशांची २४० सेकंदांत पूर्ण झाली पाहिजे. यंत्रणेची उपलब्धता किमान ९९.९ टक्के असावी आणि न उमगलेल्या विकृतीचे प्रमाण उड्डाणाच्या एका तासामागे एक लक्षांश असावे. चार मिनिटे हा काळ मोठा वाटेल. तेवढ्यात प्रवासी विमान ६० किलोमीटर पुढे जाते. परंतु ही चार मिनिटे निश्चित असल्यामुळे त्यांचा हिशेब करता येतो. विमानाचा ठावठिकाणा नियमितपणे कळत असेल आणि हे मानक पाळले जात असेल, तर दोन विमानांतील अंतर ५० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटरपर्यंत, आणि काही मार्गांवर ३० सागरी मैलांपर्यंतही खाली आणता येते. संदेशवहनावरील भरवसा वाढला की तेवढ्याच आकाशात अधिक विमाने मावतात; तो कमी झाला की अंतर वाढवावे लागते.

या मापांत यंत्राचाच नव्हे तर मनुष्याचाही काळ धरलेला आहे, हे विशेष. कारण संदेश पोचणे आणि त्यानुसार कृती होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहण्याची सूचना दिलेली होती. रेडिओ चालू होता, सूचना पोचली होती. तरीही कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले. केवळ शब्द पोचविणाऱ्या दुव्यावर सुरक्षितता विसंबू शकत नाही, हे यावरून दिसून आले. पुढे भारतात विमाने परस्परांना संकेत पाठवून टक्कर टाळण्याची सूचना देणारे उपकरण प्रवासी विमानांत बसविणे सक्तीचे करण्यात आले.

दोन दुवे केव्हा खरोखर दोन असतात

एक दुवा पुरेसा खात्रीचा नसेल तर दुसरा जोडावा, हा सोपा उपाय आहे. समजा, प्रत्येक दुवा १०० पैकी ९९ वेळा चालतो. दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक इतकी अल्प होते. परंतु या हिशेबात एक अट दडलेली आहे. दोन्ही दुवे बंद पडण्याची कारणे परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असली पाहिजेत. एकाच विद्युतपुरवठ्यावर चालणारे दोन रेडिओ, किंवा एकाच मनोऱ्यावर बसविलेल्या दोन मोबाइल कंपन्यांच्या आकाशिका, कागदावर दोन दिसल्या तरी वीज गेली वा मनोरा पडला की एकच ठरतात.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर जे घडले ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्या भागाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिक येथून होत होते आणि तेथील मुख्य दूरध्वनी यंत्रणा देखभालीसाठी बंद ठेवली होती. पर्यायी दूरध्वनीमार्गात दोष होता, पण तो कोणाच्या ध्यानात आलेला नव्हता. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातील नियंत्रकाला पडद्यावर दोन विमाने एकमेकांच्या दिशेने येताना दिसली. त्याने झुरिकशी वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. तो व्यर्थ गेला. झुरिकच्या नियंत्रकाने अखेरच्या क्षणी रशियन विमानाला खाली उतरण्यास सांगितले. त्याच वेळी विमानातील टक्करप्रतिबंधक उपकरण वर जाण्यास सांगत होते. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसऱ्या विमानाने आपल्या उपकरणाचे ऐकून उतरण्यास आरंभ केला होता. या टकरीत ७१ माणसांचा अंत झाला.

राखीव दुवा होता, पण तो चालू आहे की नाही हे कोणी तपासले नव्हते. तसेच दोन मार्गांनी आलेल्या परस्परविरोधी सूचनांपैकी कोणती शिरोधार्य मानावी, याबद्दलचे नियम पुरेसे निःसंदिग्ध नव्हते. अशा प्रसंगी उपकरणाचीच सूचना पाळावी, असे त्यानंतर स्पष्टपणे ठरविण्यात आले. दुवे वाढविल्याने भरवसा वाढतो तो प्रत्येक दुव्याची नियमित परीक्षा होत असेल आणि त्यांचा अग्रक्रम आधीच निश्चित असेल तरच.

वैमानिक जमिनीवर असताना

४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपूरमध्ये विष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातील करांग बेटावर ड्रोनने लस पोचविण्यात आली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेले हे ठिकाण हवाई मार्गाने १५ किलोमीटरवर आहे आणि ड्रोनने ते अंतर १२ ते १५ मिनिटांत कापले. दुर्गम भागातील रुग्णांना अशा सेवेचे मोल किती आहे, हे सांगावयास नको. परंतु १५ किलोमीटरवरील ड्रोन डोळ्यांना दिसत नाही. ते कोठे आहे हे दुव्यावरून येणारे अंकच सांगतात आणि त्याला वळविण्याचे कामही दुव्यावरूनच करावे लागते.

दुव्याकडून काय अपेक्षावयाचे हे ड्रोन कसे चालविले जाते यावर अवलंबून असते. मार्गातील ठिकाणे आधी नेमून देऊन ड्रोनला स्वतःच उडू दिले, तर सेकंदाला एक संदेश आणि एक सेकंदाचा विलंब चालू शकतो. हातातील दांड्याने ते क्षणाक्षणाला चालवावयाचे असेल, तर मोबाइल संदेशवहनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार दर ४० सहस्रांश सेकंदांना एक आज्ञा पाठवावी लागते आणि तेवढ्याच अवधीत ती पोचावी लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचे ड्रोन एका सेकंदात २० मीटर जाते. ४० सहस्रांश सेकंदांत ते एक मीटरही जात नाही. उलटपक्षी, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाद्वारे आज्ञा पाठविल्यास केवळ जाण्यास पाव सेकंद आणि उत्तर येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. प्रकाशाच्या वेगाने ठरलेला हा विलंब कोणत्याही यंत्रसुधारणेने कमी होणार नाही. म्हणून अशा दुव्यावर दांड्याने ड्रोन चालविणे इष्ट नसते.

सरासरीचे अंक येथे फसवे ठरू शकतात. सेकंदाला २५ आज्ञा जात असतील आणि १,००० पैकी ९९९ पोचत असतील, तर सरासरीने दर ४० सेकंदांत एक आज्ञा हरवते. ती एकटीच हरवली तर काहीच बिघडत नाही, कारण पुढची लगेच पोचते. परंतु ड्रोन उंच इमारतीच्या वा डोंगराच्या आड गेले म्हणजे ७५ आज्ञा सलग हरवतात. ड्रोन तीन सेकंद, म्हणजे ६० मीटर, कोणाच्याही ताब्यात नसते. दिवसभराच्या सरासरीत ही घटना दिसतही नाही. यास्तव किती संदेश हरवले याबरोबरच ते सलग किती वेळ हरवले, हेही मोजावे लागते.

मोबाइलचे जाळे सर्वत्र पसरलेले असल्याने ड्रोनसाठी त्याचा उपयोग करावा, असे साहजिकच सुचते. परंतु हे जाळे जमिनीवरील माणसांसाठी उभारलेले आहे. मनोऱ्यांवरील आकाशिकांचे तोंड किंचित खाली वळविलेले असते. वर उडणाऱ्या ड्रोनला त्यांच्या मुख्य झोताऐवजी बाजूला निसटलेल्या क्षीण लहरींवर भागवावे लागते. शिवाय उंचावरून एकाच वेळी अनेक मनोरे दृष्टीच्या टप्प्यात येत असल्याने त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून गोंधळ होतो. म्हणजे उंचीबरोबर लहरींचा तुटवडा नव्हे, तर त्यांची गर्दीच अडचणीची ठरते. हे ध्यानात घेऊन २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ५,०३० ते ५,०९१ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा मानवरहित विमानांच्या नियंत्रणासाठी उपलब्ध करण्यात आला. करमणुकीची चित्रे व खाजगी संभाषणे यांच्याशी स्पर्धा करावी लागणार नाही असा पट्टा असणे, हीच भरवशाची पहिली पायरी होय.

दुवा तुटल्यावर

कितीही काळजी घेतली तरी दुवा कधी ना कधी तुटणारच. नागरी विमानवाहतुकीने हे फार पूर्वी स्वीकारले. रेडिओ बंद पडल्यास वैमानिक ७६०० हा संकेतांक लावतो. तो रडारच्या पडद्यावर उमटताच नियंत्रकाला अर्थबोध होतो. त्यानंतर विमान कोणत्या मार्गाने व कोणत्या उंचीवरून जाईल याचे नियम दोघांनाही ठाऊक असतात. संभाषण थांबते, परंतु परस्परांविषयीचा अंदाज कायम राहतो.

दुवा तुटल्याचे किती लवकर कळते, हेही तितकेच महत्त्वाचे. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. त्याचे संदेश थांबल्यावर, उपग्रहाशी साधारणतः तासातासाने होणारी यांत्रिक संकेतांची देवाणघेवाण एवढाच त्याचा माग उरला. यानंतर मोठ्या प्रवासी विमानांचा ठावठिकाणा सागरी भागांत किमान दर १५ मिनिटांनी कळावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक २०१८ पासून लागू झाला. तरीही पंधरा मिनिटांत विमान सव्वादोनशे किलोमीटर दूर जाऊ शकते.

ड्रोनमध्ये दुवा तुटल्यावर काय करावयाचे हे आधीच यंत्रात भरून ठेवलेले असते : जागीच घिरट्या घालणे, निघालेल्या ठिकाणी परतणे किंवा नेमलेल्या जागी उतरणे. परंतु ही योजनाही चुकू शकते. २ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकी नौदलाच्या फायर स्काउट या मानवरहित हेलिकॉप्टरचा दुवा मेरिलँडमध्ये तुटला. त्याने परत फिरावयास हवे होते. आज्ञावलीतील दोषामुळे ते सुमारे ३७ किलोमीटर पुढे जाऊन वॉशिंग्टनभोवतीच्या निर्बंधित आकाशात शिरले. दुवा पुन्हा जोडला गेल्यावर ते सुखरूप परत आणता आले.

परतीची योजना बहुधा उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थाननिश्चितीवर विसंबून असते. सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारे हे संकेत अत्यंत क्षीण असतात आणि जमिनीवरील लहानशा प्रेषकाने ते झाकोळता येतात. नियंत्रणाचा दुवा तुटला व त्याच कारणाने स्थाननिश्चितीही गेली, तर ड्रोनला परतीचा रस्ता उरत नाही. युबरलिंगेनचा धडा येथेही लागू पडतो : संकटकाळचा उपाय मूळ संकटापासून स्वतंत्र असला पाहिजे.

संख्या वाढल्यावर

एखाद्या ड्रोनसाठी पुरेसा वाटणारा भरवसा हजारो ड्रोनसाठी अपुरा पडतो. समजा, १,००० उड्डाणांपैकी एकात दुवा तुटतो. दिवसाला दहा उड्डाणे होत असतील तर असा प्रसंग तीन महिन्यांतून एकदा येईल. त्याच शहरावरून दिवसाला ५,००० उड्डाणे होऊ लागली, तर तो दिवसातून पाच वेळा येईल, आणि प्रत्येक वेळी खाली रस्ते, शाळा व घरे असतील. मोठ्या संख्येने उडणाऱ्या ड्रोनचा प्रत्येक नियंत्रकाने आवाजाने सांभाळ करणे शक्य नाही. म्हणून त्यांच्या उड्डाणयोजनांची देवाणघेवाण संगणकांनी परस्पर करावी, अशी पद्धती अनेक देशांत आखली जात आहे. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा वाहतूकव्यवस्थेच्या धोरणाचा आराखडा प्रसिद्ध झाला.

मात्र सर्व संदेश एकाच केंद्रीय यंत्रणेतून जाऊ लागले की ती यंत्रणाच सर्वांत नाजूक बिंदू बनते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर उड्डाणयोजनांचे संदेश वाटणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. दुरुस्ती होईपर्यंत नियंत्रकांना ही कामे हाताने करावी लागली आणि ८०० हून अधिक उड्डाणांना विलंब झाला. अपघात मात्र झाला नाही, कारण यंत्रणा गेली तरी काम मंद गतीने चालू ठेवण्याची रीत व ती जाणणारी माणसे उपलब्ध होती. हजारो ड्रोनच्या जाळ्यात हाताने काम करणारा असा माणूस नसेल. तेथे मंदावण्याची ही रीत, म्हणजे नवी उड्डाणे थांबविणे, हवेतील ड्रोनमधील अंतर वाढविणे आणि त्यांना जवळच्या सुरक्षित जागी उतरविणे, यंत्रणेतच आधी गोवावी लागेल.

९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास यंत्रणा बंद, ९९.९९९ टक्के म्हणजे सव्वापाच मिनिटे. यांतील प्रत्येक वाढीव नऊसाठी अधिक मनोरे, अधिक राखीव यंत्रे आणि अधिक तपासणी लागते, आणि तो खर्च अखेर सेवेच्या किमतीत उतरतो. शेतावरून पिकांची पाहणी करणाऱ्या ड्रोनला आणि वस्तीवरून प्रवासी नेणाऱ्या विमानाला एकच मानक लावणे शहाणपणाचे होणार नाही. कोणत्या उड्डाणाला किती भरवसा हवा, हे दुवा तुटल्यास हानी कोणाची होईल यावरून ठरविले पाहिजे. सागरी मार्गांवरील विमानांनी हा हिशेब अंतराच्या भाषेत मांडला : जेवढा भरवसा सिद्ध झाला तेवढेच अंतर कमी केले, त्याहून अधिक नाही. भावी आकाशासाठीही तोच क्रम हितावह आहे. आधी दुव्याचा भरवसा मोजावा, तो तुटल्यानंतरचे वर्तन तपासून घ्यावे, आणि मगच उड्डाणांची संख्या वाढवावी.